लेखकाचं घर स्मारक करायचंय, पण उद्घाटनानंतर रोज सांभाळणार कोण?

अंगणातली_तुळस:
नमस्कार मंडळी, माझे आजेसासरे कवी होते, आमच्या तालुक्यात अजून लोक त्यांच्या कविता म्हणतात. गावी त्यांचं घर आहे, लिहायचं उतरतं डेस्क आहे, दोन ट्रंका भरून वह्या आणि पत्रं आहेत. आता घरात ठरतंय की स्मारक करायचं. निधीचं बोलणं चाललंय, सगळे उद्घाटनाला कोणाला बोलवायचं यावरच बोलतात, पण मला कळत नाही की नंतर रोज दार उघडणार कोण, झाडलोट कोण करणार, लाइटबिल कोण भरणार, आम्ही तर सगळे पुण्या-मुंबईत. जिथे हे नीट चाललंय तिथली माणसं कसं करतात? कोणाला आतून माहिती असेल तर प्लीज सांगा.

खाडीपलीकडे:
ताई, आधी मालगुंडला जाऊन या. केशवसुतांचं जन्मगाव, गणपतीपुळ्याच्या अगदी जवळ. केशवसुत १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले आणि स्मारकाचं उद्घाटन झालं १९९४ मध्ये, कुसुमाग्रजांच्या हस्ते, म्हणजे मध्ये जवळजवळ नव्वद वर्षं गेली. ते उभं राहिलं कोकण मराठी साहित्य परिषदेमुळे, मधु मंगेश कर्णिकांनी त्यात जीव ओतला. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की संस्थेच्या ठिकठिकाणी शाखा आहेत, एक कार्यकर्ता थकला की दुसरा उभा राहतो. एकट्या कुटुंबाच्या जिवावर हे होत नाही हो, पहिली पिढी हौसेने करते, पुढच्या पिढीला रजा मिळत नाही. शिवाय तिथे जुन्या घरासोबत ग्रंथालय आहे, कवितांचं दालन आहे, कार्यक्रम होतात, म्हणून गावातली पोरंसुद्धा येतात. नुसता चष्मा आणि खाट काचेआड ठेवली तर पाहुणा एकदा येऊन जातो.

गोदाकाठचा:
+१. नाशिकचं कुसुमाग्रज प्रतिष्ठान पण बघा. तात्यासाहेब म्हणजे कुसुमाग्रज हयात असतानाच ते सुरू झालं, १९९१ ला साहित्यासाठीचा पहिला जनस्थान पुरस्कार नाटककार विजय तेंडुलकरांना दिला, अजून दर दोन वर्षांनी देतात. आणि 'ग्रंथ तुमच्या दारी'मध्ये शंभर पुस्तकांची पेटी थेट वाचकांकडे जाते. काम घराच्या बाहेर पडलं की माणसं आपोआप जोडली जातात.

दप्तर_सांभाळे:
मी ट्रस्टची कागदपत्रं करतो म्हणून सरळ सांगतो, निधीच्या आधी मालकी बघा. घर कोणाच्या नावावर आहे, किती वारस आहेत, सगळ्यांची संमती आहे का? ती असेल तर ट्रस्ट करून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवा आणि घर रजिस्टर्ड बक्षीसपत्राने ट्रस्टला द्या, नाहीतर उद्या एका चुलतभावाने कुलूप लावलं की सगळं संपलं. विश्वस्तांत निम्मे तरी गावातले घ्या, शाळेतले मास्तर, वाचनालयाचे कोणी. दरवर्षी ऑडिट करावं लागतं, विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट, म्हणजे तो बदल धर्मादाय कार्यालयाला कळवणं, हे कोण करणार तेही आत्ताच ठरवा. बांधकामाला पैसे मिळतात, पगाराला मिळत नाहीत, म्हणून देणग्यांतला मोठा भाग एफडीत टाका आणि दार उघडणाऱ्या माणसाचा पगार त्याच्या व्याजातून निघेल असं बघा. तो माणूस गावातलाच हवा, पाहुण्याला एक कविता म्हणून दाखवेल असा, आणि त्याला फुकट राबवू नका.

आणि त्या वह्या!! कृपा करून लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका. आधी स्कॅन करा. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवल्या तर आत ओल धरून बुरशी येते. ट्रंका जमिनीवर नको, भिंतीला टेकवून पण नको, वाळवी तिथूनच चढते. पावसाळ्यात दर आठवड्याला कोणीतरी उघडून बघायला हवं.

अंगणातली_तुळस:
खूप खूप आभार सगळ्यांचे. वारस सात आहेत, त्यातले दोघं परदेशात, संमतीपासूनच सुरुवात करते. दीर उद्या वह्या लॅमिनेशनला नेणार होते, त्यांना आत्ताच फोन लावते. दादा, परदेशातल्यांची सही कशी घेतात, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी चालते का?

दप्तर_सांभाळे:
चालते. तिथल्या भारतीय वकिलातीत साक्षांकित करून घ्यायची, इथे आल्यावर त्यावर स्टॅम्प ड्युटी भरायची. मसुदा आधी वकिलाला दाखवा, त्यात बक्षीसपत्राचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा.