मदत हवी आहे : आर्केड कॅबिनेटचा उजेड कमी केला की स्पीकरमधून शिट्टी येते

घरी प्लायवूडचं आर्केड कॅबिनेट (व्हिडिओ गेमचं उभं कपाट) बनवलंय. वरच्या नावाच्या पाटीमागे एक मीटर पांढरी एलईडी स्ट्रिप आहे : १२ व्होल्ट, ५०५० प्रकारची, मीटरला ६० एलईडी. उजेड इतका की पाटीवरचं चित्रच दिसत नाही, आणि हॉलमध्ये झोपणारे बाबा वैतागलेत.

आधी आतून बटर पेपरचे तीन थर लावले. ठिपके गेले, झगमगाट तसाच. मग १० ओमचा पाव वॉटचा रेझिस्टर मालिकेत जोडला. उजेड अगदी हवा तसा झाला, पण पाच मिनिटांत रेझिस्टर काळा पडला आणि वास सुटला. (हिशेब आधी करायला हवा होता, मान्य.) शेवटी लॅमिंग्टन रोडवरून गोल खुंटीचा पीडब्ल्यूएम डिमर (स्ट्रिप झपाझप चालू-बंद करून उजेड उतरवणारा) आणला. उजेड छान उतरतो, पण खुंटी अर्ध्यावर आली की स्पीकरमधून बारीक शिट्टी येते. पूर्ण उजेडावर शिट्टी बंद.

स्ट्रिप आणि अॅम्प्लिफायर दोन्ही एकाच १२ व्होल्ट ५ अँपिअरच्या अॅडॅप्टरवर आहेत. गेम चालवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा अॅडॅप्टर वेगळा. स्ट्रिप पक्की चिकटवलीय, काढली तर तुटेल. दुसऱ्या अॅडॅप्टरला आत जागा नाही.

डिमरच्या इनपुटला मोठा कपॅसिटर लावून शिट्टी जाईल का, आणि किती मायक्रोफॅरडचा? की डिमर काढून बक कन्व्हर्टरने (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) स्ट्रिपला नऊ-दहा व्होल्टच द्यावेत? तसं केल्यास उजेड सगळीकडे सारखा राहतो का?