मदत हवी आहे: अ‍ॅम्प लावल्यापासून गाडीत कुईं आवाज

कराडकर_१२
मंडळी, कंपनीच्या स्टिरिओला अ‍ॅम्प आणि सबवूफर जोडून घेतला. इंजिन चालू केलं की कुईंऽऽ आवाज येतो, रेस वाढवली की तोही चढतो. गाणं मोठ्याने लावलं की कळत नाही, पण सिग्नलला उभं राहिलं की डोकं उठतं. दुकानदार म्हणतो, ‘अ‍ॅम्प लावला की एवढं चालायचंच.’ शनिवारी चिपळूणला निघायचंय. नेमका उपाय सांगा. ‘स्टिरिओ बदला’ नको.

बेसभक्त
स्टिरिओ बदला. कंपनीचे बरेच स्टिरिओ आवाज वाढवला की बेस गुपचूप कापतात, पुढे कितीही वॅटचा अ‍ॅम्प लावा. मी अँड्रॉइडवाला टाकला, मागे आरसीए (अ‍ॅम्पला सिग्नल नेणाऱ्या वायरीचं सॉकेट) आयतं मिळालं. विषय संपला.

कराडकर_१२
शेवटचं वाक्य वाचलंत का? गाडी वॉरंटीत आहे.

वायरवाला
गाडी कोणती? अ‍ॅम्प किती चॅनेलचा? सिग्नल कुठून घेतलाय? ग्राउंड, म्हणजे मायनसची वायर, बॉडीला कुठे मारलंय?

कराडकर_१२
स्विफ्ट. अ‍ॅम्प चांगल्या कंपनीचा आहे.

वायरवाला
चारपैकी एका प्रश्नाचं उत्तर मिळालं. आभारी आहे.

सुमेधा_प
कुईं सबवूफरमधूनच येतोय का? लो पास (फक्त खालचे सूर जाऊ देणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर असेल तर तिथून जवळपास ऐकू यायला नको. अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो त्याचा) सूर त्याच्या बराच वर असतो.

कराडकर_१२
पुढच्या दारांतून येतो. फोर चॅनेल आहे ना, दोन चॅनेल दारांना, दोन ब्रिज करून (एकत्र जोडून) सबला. स्टिरिओमागे स्पीकरच्या वायरींना कन्व्हर्टर (स्पीकरचा सिग्नल आरसीएजोगा करणारा डबा) लावलाय, तिथून आरसीए डिकीत. ग्राउंड मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला.

जुना_खेळाडू
सोपं आहे. स्पीकरच्या मायनस वायरी बॉडीला टेकवा. आम्ही प्रीमियर पद्मिनीत असंच करायचो.

सुमेधा_प
अजिबात करू नका!! हल्लीच्या स्टिरिओत स्पीकरची मायनस म्हणजे ग्राउंड नसतं, दोन्ही वायरींवर सिग्नल असतो. बॉडीला टेकली तर आतली आयसी (चिप) उडू शकते. पद्मिनीचं शास्त्र इथे चालायचं नाही, काका.

जुना_खेळाडू
आमचा टेप वीस वर्षं वाजला. तुमच्या आयसीचं तुम्ही बघा.

डॅम्पिंगदादा
सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताय. आधी दारांना डॅम्पिंग शीट मारा. पत्रा थरथरतो तोवर कुठलाही स्पीकर नीट वाजणार नाही. आतल्या पत्र्याची भोकंसुद्धा बुजवा.

वायरवाला
दादा, पत्रा थरथरला तर खडखड होते, कुईं नाही.
कराडकर, गाडी चालू ठेवून अ‍ॅम्पच्या बाजूने आरसीए काढा. तरी आवाज राहिला तर पॉवर किंवा ग्राउंडमध्ये घोळ. गेला, तर तो सिग्नलबरोबर येतोय. आणि बॅटरीची जाड वायर व आरसीए एकाच बाजूच्या पट्टीखालून नेल्यात का तेही बघा.

कोकणवेडा
चिपळूणला जाताय तर कुंभार्ली घाट अंधार पडायच्या आत उतरा. धुकं असलं तर बेस राहू दे, हॉर्न चालू आहे ना ते बघा.

बेसभक्त
घाटात नेटवर्क जातं, गाणी पेनड्राइव्हवर घ्या. माझ्या अँड्रॉइडला दोन यूएसबी आहेत.

कराडकर_१२
आरसीए काढल्यावर आवाज पूर्ण बंद. दोन्ही वायरी ड्रायव्हरच्या बाजूनेच गेल्यात. आता?

वायरवाला
म्हणजे सिग्नलच्या वाटेनेच येतोय. कन्व्हर्टरचं ग्राउंड डॅशबोर्डमागे आणि अ‍ॅम्पचं डिकीत असणार. दोन जागांच्या व्होल्टेजमध्ये किंचित फरक पडला तरी तो आरसीएवर चढतो. कन्व्हर्टर डिकीत न्या, दोन्ही ग्राउंड एकाच जागी घ्या, तिथला रंग पत्र्यापर्यंत खरवडून. सीटबेल्टचा बोल्ट सोडा, तो जीव वाचवायला असतो. आरसीए दुसऱ्या बाजूने न्या.

सुमेधा_प
त्याआधी अ‍ॅम्पवर हाय लेव्हल इनपुट (स्पीकरच्या वायरी थेट घेणारं) लिहिलंय का बघा. असेल तर कन्व्हर्टर लागतच नाही. आणि कोणी गेन पूर्ण पिळून ठेवला असेल तर खाली आणा. गेन म्हणजे आवाजाचं बटण नव्हे, येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प जुळवायचं.

वायरवाला
हाय लेव्हलवर काही अ‍ॅम्प हिस करतात. माझं मत कन्व्हर्टरच.

सुमेधा_प
आणि माझं मत एक डबा कमी.

कराडकर_१२
हाय लेव्हल नाहीये. कन्व्हर्टर मागे नेला, ग्राउंड एकत्र केलं. आवाज बराच उतरला, अगदी बारीक उरलाय. आरसीए अजून हलवायची आहे. एक राहिलं, सकाळी स्टार्टर ओढत नाही, परवा ढकलून चालू केली. बॅटरी बदलू का?

वायरवाला
अहो, हे आत्ता सांगताय! अ‍ॅम्पची रिमोट वायर (त्याला चालू-बंद करणारी) कुठे जोडलीय? कंपनीच्या स्टिरिओला बहुधा ती नसते, मग कोणी सरळ बॅटरीवर मारतं आणि अ‍ॅम्प रात्रभर जागा राहतो. चावी काढल्यावर त्याचा दिवा जळतोय का बघा. जळत असेल तर ती वायर एसीसीच्या (चावी फिरवल्यावरच वीज येते त्या) फ्यूजवर घ्या. बॅटरीपासून ४५ सेंटीमीटरच्या आत जाड वायरला फ्यूज आहे ना?

कराडकर_१२
दिवा जळतोय. फ्यूज अ‍ॅम्पवर आहेत की दोन.

सुमेधा_प
ते अ‍ॅम्पसाठी. मधली वायर पत्र्याला घासली तर ते काही करणार नाहीत. बॅटरीजवळ फ्यूज बसवल्याशिवाय घाट उतरू नका.

बेसभक्त
बॅटरी पण मोठी टाका.