मदत हवी आहे: हार्डटेल की फुल सस्पेन्शन? रविवारपर्यंत ठरवायचंय

पाथर्डीचा_पोरगा
नमस्कार मंडळी, डायरेक्ट मुद्द्यावर येतो. एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांची सायकल, घ्यायचीय. हार्डटेल (फक्त पुढे शॉक) घेऊ का फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे)? यूट्यूबवर चार दिवस घातले, एक म्हणतो हार्डटेलवरच हात बसतो, दुसरा म्हणतो एकदा फुल्लीवर बसलात की बाकी सगळं खेळणं वाटेल, डोक्याचं पार भजं झालंय. दुकानात एका फुल सस्पेन्शनवर चांगली ऑफर आहे पण रविवारपर्यंतच. लवकर सांगा प्लीज.

स्पोकनिपल
बजेट? वजन? उंची? चालवणार कुठे? आत्ता कोणती सायकल आहे? यातलं काहीच न सांगता "डॉक्टर, गोळी द्या" असं झालं हे.

पाथर्डीचा_पोरगा
बजेटचं टेन्शन नाही हो. चालवणार इथेच, आपल्या नाशकात.

सिडकोचे_मामा
नाशकात म्हणजे? कॉलेज रोडही नाशकातच आहे आणि ब्रह्मगिरीही नाशकातच धरतात लोक.

घाटवाला
भावा डोळे झाकून एक्सपल्स घे. मी कसारा, सापुतारा, भंडारदरा सगळं फिरलोय, मागचा शॉक एक नंबर.

स्पोकनिपल
@घाटवाला सायकलबद्दल चाललंय.

घाटवाला
एमटीबीतला बी म्हणजे बाईकच ना? बरं बरं, चालू द्या. पण सायकलीला एवढे पैसे??

डोंगरवेडा
हार्डटेल. विषय संपला. तरी कारण सांगतो. जेवढ्या पैशात तुला चांगली हार्डटेल येते, म्हणजे एअर फोर्क (पुढचा हवेचा शॉक), १x१२ गिअर (पुढे एक चक्र, मागे बारा), हायड्रॉलिक डिस्क, तेवढ्याच पैशात फुल्ली घेतलीस तर कंपनी मागच्या शॉकचे पैसे दुसरीकडून काढते, पुढे स्प्रिंगचा जड फोर्क आणि हलक्या दर्जाचे ब्रेक टेकवते. वर मागच्या सांध्यांची बेअरिंगं. आपली काळी माती पावसाळ्यात कशी चिकटते माहितीय ना, चाक फिरायचं बंद होतं, काडीने उकरत बसावं लागतं, ती घाण त्या बेअरिंगांत गेली की दोन पावसाळ्यांत कुईकुई सुरू. फोर्कच्या खालच्या पायांचं तेल साधारण ५० तास चालवल्यावर बदलायला सांगतात, फुल्लीत तेच काम मागच्या शॉकचंही. मित्राचा शॉक सर्व्हिसला बाहेरगावी पाठवला होता, अडीच महिने सायकल भिंतीला.

दोनशॉक
झालं, काळ्या मातीचं पुराण सुरू. जून ते सप्टेंबर चिखलात जायचंच कशाला, ट्रेलची पण वाट लागते. उरलेले आठ महिने आपल्याकडे काय आहे? सुटे दगड. चामर लेण्यांच्या पायथ्याला किंवा पांडवलेण्यांच्या मागे हार्डटेलवर उतरून दाखवा, मागचं चाक बेडकासारखं उड्या मारतं. फुल्लीचं मागचं चाक जमिनीला धरून राहतं, फक्त उतारावर नाही, दगडी चढावर पण पकड सुटत नाही. मी ४७ चा आहे, तीन वर्षं फुल्ली चालवतोय, एक बेअरिंग बदललं नाही. प्रेशर पाइपने धुवू नका एवढं पाळा.

सिडकोचे_मामा
आपल्या नाशकातल्या महाजन बंधूंनी २०१५ ला रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) पूर्ण केली, पार अमेरिका आडवी, ४८०० किलोमीटर. त्यांच्या सायकलीला होता का मागे शॉक? पायात दम पाहिजे.

दोनशॉक
मामा ते डांबरी रस्त्यावर रोडबाईकने गेले. रनवे आणि नांगरट यात काही फरक?

सिडकोचे_मामा
नाशिकचा डांबरी रस्ता धर ना मग, त्याला फुल सस्पेन्शनच लागेल 😄

गोदाकाठ
जरा अवांतर, पण अंजनेरीकडे सायकली नेत असाल तर वाट सोडून जाऊ नका. ते संवर्धन राखीव क्षेत्र आहे, अंजनेरीच्या नावाचं एक कंदीलपुष्प आहे, ते जगात या बाजूलाच सापडतं. टायरखाली काय चिरडतंय ते कळतही नाही.

डोंगरवेडा
+१. हे बरोबर.

पाथर्डीचा_पोरगा
अरे मूळ प्रश्न राहिला. बरं घ्या डिटेल: वजन ९२. रोज सकाळी गंगापूर धरणाकडे जाऊन-येऊन, रविवारी पांडवलेण्यांच्या मागचे कच्चे रस्ते. आत्ता एक साधी हार्डटेल आहे. कंबर दुखते म्हणून फुल सस्पेन्शन बघतोय.

स्पोकनिपल
हे आत्ता सांगतोयस?? कंबरदुखी हाच मुद्दा आहे आणि तो चौदाव्या प्रतिसादाला. टायर कोणते, हवा किती भरतोस?

कांचन_ग
कंबरेसाठी सकाळी भुजंगासन करा आणि खाली बसून जेवा. माझ्या सासऱ्यांची सायकल सुटलीच होती, तीन महिन्यांत परत सुरू झाली.

पाथर्डीचा_पोरगा
२.१ चे टायर, ट्यूबवाले. हवा ६५. टायरवरच लिहिलंय तसं.

स्पोकनिपल
अरे देवा. ते जास्तीत जास्त लिहिलेलं असतं, त्याच्या वर जाऊ नका म्हणून, तेवढीच भरा म्हणून नाही! ६५ ला टायर दगडासारखा होतो, प्रत्येक खडा थेट मणक्यात. तुझ्या वजनाला मागे ३६ आणि पुढे ३२ करून बघ. ट्यूब आहे म्हणून याच्या खाली नको. आधी हे कर, फुकट आहे, मग दीड-दोन लाखांचा विचार कर.

दोनशॉक
हवा कमी केल्याने फुल्ली होत नाही. आणि फुल्ली घेतलीस तरी सॅग (नुसतं बसल्यावर शॉक किती दबतो ते) नीट लावावा लागतो, मागे ३० टक्के. म्हणजे शॉकचा स्ट्रोक (एकूण दबण्याची लांबी) ४५ मिमी असेल तर नुसतं बसल्यावर शॉकवरची रबरी रिंग साडेतेरा मिमीवर सरकली पाहिजे. शॉक पंप वेगळा घे, चाकाच्या पंपाने ते जमत नाही. लोक हे करत नाहीत आणि मग म्हणतात सायकल डुलते.

डोंगरवेडा
म्हणजे रोज सकाळी डांबरी रस्त्यावर डुलत जायचं. किंवा शॉक लॉक करून, मग घेतली कशाला?

दोनशॉक
तुम्ही चढाला फोर्क लॉक करत नाही का?

सिडकोचे_मामा
धरणाकडून येताना मिसळ कुठे खाता ते सांगा आधी. दही-पापड न मागता येतं ते ठिकाण. वजन ९२ उगाच नाही झालं.

पाथर्डीचा_पोरगा
मामा 🙏 पण ऑफरचं काय? एकच पीस उरलाय, एल साइज, म्हणून ३० टक्के कमी.

स्पोकनिपल
एल?? उंची किती तुझी?

पाथर्डीचा_पोरगा
५ फूट ५. दुकानदार म्हणाला सीट पुढे सरकवून देतो.

डोंगरवेडा
नको नको नको.

दोनशॉक
इथे डोंगरवेडाशी सहमत, धाग्याची तारीख लिहून ठेवा. सीट सरकवून फ्रेम लहान होत नाही. उभं राहून उतरशील तेव्हा हँडल लांबच राहणार, वरून सीट पुढे आली की गुडघा पेडलच्या पुढे जाणार, आहे ती कंबर पण जाईल. तुला एस किंवा एम, तेही बसून बघून.

घाटवाला
एक्सपल्सला साइजचा प्रॉब्लेम नाही.

पाथर्डीचा_पोरगा
अपडेट. काल मागे ३६ पुढे ३२ करून पांडवलेण्यांच्या मागे गेलो. फरक आहे राव, हात झिणझिणले नाहीत, कंबर दुखली पण घरी आल्यावर, आधी तिथेच दुखायची. मात्र येताना मागचं पंक्चर. चार किलोमीटर ढकलत आणली.

स्पोकनिपल
भोकं किती? शेजारी-शेजारी दोन असतील तर ट्यूब रिमवर चेमटली, हवा तीन-चारने वाढव. एकच असेल तर काटा.

पाथर्डीचा_पोरगा
एकच. काटा अजून टायरात आहे, दोन इंची असेल.

सिडकोचे_मामा
बाभूळ. पुढच्या सायकलीला ट्यूबलेस घाल, आत सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव). हे शॉकच्या आधी.

पाथर्डीचा_पोरगा
दुकानातली फुल्ली गेली. मी चौकशी करत होतो तेव्हाच एकाने नेली, चांगला उंच होता. तर आता ट्यूबलेस होणारी हार्डटेल, एम साइज, एअर फोर्क, कोणती घेऊ? लवकर सांगा.

स्पोकनिपल
बजेट किती ते अजून सांगितलं नाहीयेस.