अनुभव धागा: मांसात फळ आणि दारात पाहुणे

गेल्या ३१ डिसेंबरला आठ माणसं जेवायला होती आणि मी पहिल्यांदाच पारशांची ‘जर्दाळू मा मरघी’ (जर्दाळू घातलेली कोंबडी) केली. पुण्यात कॅम्पातल्या एका पारशी आजींकडे लहानपणी खाल्ली होती. चव जिभेवर होती, कृती नव्हती. ते छोटे, तपकिरी, सुरकुतलेले, बीवाले जर्दाळू आणून रात्रभर भिजवले. कांदा, आलं-लसूण, लाल मिरची, दालचिनी, टोमॅटो, शेवटी चमचाभर व्हिनेगर. बिया खलबत्त्यात फोडून आतले गर घातले (कडू निघाला तर फेकायचा, चाखून बघा). इथवर झकास. मग हौसेनं बटाट्याची सळी (काडीसारखे बारीक काप) तळली आणि अर्धा तास आधीच वर पसरून ठेवली. सासूबाईंनी वाढून घेताना विचारलं, "चव छान आहे गं, पण वरती शेवया का घातल्यास?"

तुम्हीही मांसाला फळाची जोड देऊन खास जेवण केलं असेल तर लिहा. फसलेलं आधी.

• न्यू जर्सीहून: थँक्सगिव्हिंग, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. १४ पौंडांची टर्की आदल्या रात्री फ्रीझरमधून काढली. एवढ्या पक्ष्याला फ्रिजमध्ये तीन दिवस लागतात हे कुणी सांगितलंच नाही. सकाळी तिच्या पोटात हात घातला तर आतली काळीज-मानेची पिशवी गोठून दगड. गार पाण्यात बुडवून, दर अर्ध्या तासाला पाणी बदलत दुपार गेली. तोवर क्रॅनबेरी सॉस घेतला. १२ औंसाची पिशवी, कप साखर, कप पाणी. फळं तडतड फुटतात, दहा मिनिटांत काम होतं. मला पातळ वाटला म्हणून आटवत बसले. त्या फळात पेक्टिन भरपूर, गार होताना आपोआप घट्ट होतो. माझ्या वड्या पडल्या. सासरे भारतातून आले होते, एक उचलून म्हणाले, "आमसुलाच्या गोळ्या आहेत का?" आता दरवर्षी आलं आणि एक हिरवी मिरची घालते, आणि पातळ असतानाच गॅस बंद करते.

• नाशिक: लग्नाचा वाढदिवस, ताज्या अननसाच्या रसात चिकन रात्रभर मुरवलं. सकाळी हाताला लगदा लागला. कच्च्या अननसातलं ब्रोमेलेन मांस अक्षरशः पचवतं. रस उकळून घेतला किंवा डब्यातला अननस वापरला तर असं होत नाही. त्या लगद्याचे कटलेट केले. ह्यांना अजून वाटतं तोच बेत होता.

• मडगाव: तुमचं सॉस वगैरे वाचून हसू आलं. आमच्या शेजारी नाताळात पोर्कचं ‘सोलांतुलें’ करतात. भिरंडाची (कोकमाची) सुकी सालं, म्हणजे सोलां, मिरची, लसूण, मीठ आणि चरबीवालं मांस. मातीच्या भांड्यात मंद शिजवायचं आणि त्याच दिवशी खायचं नाही. मी घाईत अॅल्युमिनियमच्या टोपात केलं, आंबटाला धातूची चव आली. पुढच्या वेळी शेजारीणबाईंनी स्वतःचं मातीचं भांडं आणून दिलं आणि वर बजावलं, "सोलां चाखून घाल, मीठ त्यातच असता."

• लंडन (माहेर नागपूर): बदक आणि संत्रं. मला वाटलं हे तर आपलंच राज्य. बदकाचं मांस जमलं. कातडीला चिरा देऊन, थंड तव्यावर कातडी खाली ठेवून मंद आचेवर, म्हणजे चरबी सुटते आणि कातडी कुरकुरीत होते. सॉसनं घात केला. सालीचा आतला पांढरा भागही किसला गेला आणि सगळं कडूजहर. दुसऱ्यांदा फक्त वरची केशरी साल घेतली. साखर सोनेरी होईपर्यंत वितळवून त्यात व्हिनेगर, मग रस आणि थोडं सूप. नुसत्या गोड रसाला धार नसते, ती व्हिनेगरनं येते. आईला फोटो पाठवला. तिनं उलट लिहिलं, "संत्र्याची आमटी केलीस का? सावजी मसाला संपला का तिकडे?"

• कोल्हापूर: मी केलेलं नाही, करणारही नाही. पण वाचतोय.

• जर्दाळूवाल्या ताईंना प्रश्न: इथे फक्त केशरी, बिनबियांचे मिळतात. चालतील का?

• चालतात. पण जास्त आंबट असतात आणि रात्रभर ठेवले तर गळून जातात. कोमट पाण्यात अर्धा तास पुरे, गुळाचा खडा घाला, व्हिनेगर नको. आणि सळी ताटात वाढल्यावरच.