एकच मॅनिकिन (सरावाचा पुतळा), 40 विद्यार्थी: पीपीएचचं (प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचं) सिम्युलेशन कसं बसवावं?

प्रश्न (ओबीजी, म्हणजे प्रसूती व स्त्रीरोग विषयाच्या ट्यूटर):
तिसऱ्या वर्षाचे 40 विद्यार्थी आहेत. साधं, मॉनिटर नसलेलं एक मॅनिकिन आहे आणि हाताशी अर्धा दिवस. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचा सिनॅरिओ (रचलेला प्रसंग) घ्यायचा आहे. प्रात्यक्षिकात मुली उपचारांचा क्रम घडाघडा म्हणतात, पण सिनॅरिओ सुरू झाला की सगळ्या बीपीच्या मशीनभोवती जमतात. शिवाय डिब्रीफिंगचं (नंतरच्या चर्चेचं) माझंच लेक्चर होऊन बसतं. मांडणी कशी करावी? आणि गुण द्यावेत का?

उत्तर १ (स्किल लॅब इन्चार्ज):
मॅडम, महागडं मॅनिकिन नसलं तरी काही अडत नाही. उद्दिष्टं मात्र तीनच ठेवा: गर्भाशय सैल आहे हे हाताने ओळखणं, मसाज चालू ठेवून मदत बोलावणं, आणि औषध प्रत्यक्ष भरून देणं. बाकीचं दुसऱ्या सिनॅरिओसाठी राहू द्या.

आठ-आठ जणांचे पाच गट करा. चौघं खोलीत, चौघं निरीक्षक. प्रीब्रीफिंग (आधीची माहिती) एकदाच, सगळ्यांना मिळून: मॅनिकिनला कुठे हात लावायचा, नाडी कुठे लागणार नाही, सामान कुठल्या ट्रेमध्ये आहे. हे टाळलं तर पहिली तीन मिनिटं सामान शोधण्यात जातात आणि तुम्हाला वाटतं, यांना काही येत नाही. पुढे प्रत्येक गटाला 10 मिनिटं सिनॅरिओ आणि निदान 20 मिनिटं डिब्रीफिंग.

सैल गर्भाशयासाठी पाण्याने अर्धवट भरलेला फुगा आणि घट्ट गर्भाशयासाठी टणक चेंडू पोटाच्या आवरणाखाली ठेवा. मसाज नीट सुरू झाला की सहकारी चादरीआडून अदलाबदल करेल.

बीपीभोवती जमण्याचं मूळ बहुधा तुमच्या आकड्यांत आहे. पहिल्याच मिनिटाला बीपी पाडलं की त्या तेच बघणार. शरीर आधी भरपाई करतं, म्हणून नाडी आधी वाढते. सुरुवात अशी ठेवा: नाडी 104, बीपी 114/74, श्वसन 20. चौथ्या मिनिटापर्यंत मसाज आणि ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचन पावायला लावणारं औषध) सुरू नसेल तर नाडी 126, बीपी 98/60, हातपाय गार. दोन्ही झालं असेल तर नाडी 100 वर उतरवा. आकडे मोठ्या कार्डांवर लिहा आणि विद्यार्थिनीने खरंच मोजल्यावरच कार्ड दाखवा.

रक्तही मोजायला लावा. कोरडं पॅड 30 ग्रॅम, भिजलेलं 280 ग्रॅम, म्हणजे साधारण 250 मिली. नजरेच्या अंदाजाने रक्तस्राव जवळजवळ नेहमीच कमी धरला जातो, त्यामुळे वजनकाटा खोलीत हवाच.

उत्तर २ (प्रसूतीकक्ष प्रशिक्षक):
वरच्यात एक भर. "ऑक्सिटोसिन दिलं" असं नुसतं तोंडी म्हणणं चालवून घेऊ नका. प्रोटोकॉलमध्ये एक लिटर द्रावणात 20 युनिट असतील, तर ट्रेमध्ये 5 युनिटची अँपूल ठेवा. चार फोडावी लागतात. घाईत एकच फोडून लेबल चिकटवलं जातं, आणि ही चूक फक्त हाताने काम करतानाच दिसते. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचंही (रक्तस्राव कमी करणारं औषध) तसंच: 1 ग्रॅम शिरेतून, सावकाश, 10 मिनिटांत, आणि प्रसूतीनंतर 3 तासांच्या आत.

भरलेलं मूत्राशयही सिनॅरिओत घाला. फंडस (गर्भाशयाचा वरचा भाग) वर आणि उजवीकडे सरकलेला ठेवा. कॅथेटर टाकेपर्यंत फुग्याच्या जागी चेंडू ठेवू नका. फक्त मसाज करत राहिलेला गट तिथे अडकतो आणि कारण शोधायला लागतो.

उत्तर ३ (सिम्युलेशन समन्वयक):
डिब्रीफिंगचं लेक्चर होतं, कारण आपण उत्तर माहीत असलेला प्रश्न विचारतो. "मसाज का केला नाही?" म्हटलं की मुली माना खाली घालतात. त्याऐवजी दिसलं ते सांगा आणि मग विचारा: "चौथ्या मिनिटाला नाडी 126 झाली, तेव्हा तुम्ही दोघी पुन्हा बीपी घेत होतात. मला काळजी वाटली, कारण पोटावर कोणाचाच हात नव्हता. त्या क्षणी तुमच्या मनात काय होतं?" आणि मग गप्प राहा. दहा सेकंद फार लांब वाटतात, तरी थांबा. बऱ्याचदा उत्तर येतं, "मला वाटलं ती करतेय." म्हणजे अडचण ज्ञानाची नसून काम वाटून घेण्याची होती. त्यावर लेक्चर देऊन उपयोग नाही.

निरीक्षकांना एकेकच काम द्या. एकीने वेळ लिहायची, दुसरीने नाव घेऊन दिलेल्या आणि ऐकणारीने पुन्हा म्हणून दाखवलेल्या सूचना मोजायच्या. "सगळं बघा" सांगितलं की कोणीच काही बघत नाही.

गुण पहिल्या फेरीला देऊ नका. परीक्षा आहे असं वाटलं की मुली चूक लपवतात आणि चर्चेला काही उरत नाही. मूल्यमापनाचा सिनॅरिओ वेगळा, वेगळ्या दिवशी.

प्रश्नकर्ती:
आभार! नकली रक्ताने मॅनिकिनवर डाग पडतात, त्याचं काय? आणि मुदत संपलेली औषधं वापरली तर चालेल का?

उत्तर १ (स्किल लॅब इन्चार्ज):
रंग आधी न दिसणाऱ्या जागी लावून बघा आणि मॅनिकिनखाली प्लास्टिक अंथरा. आयोडीन, बॉलपेनची शाई, मार्कर यांचे डाग कायमचे बसतात, त्यामुळे ते लांबच ठेवा.

मुदत संपलेली औषधं अजिबात नको. सरावासाठीच्या, पाणी भरलेल्या बंद अँपूल घ्या, त्यांवर "फक्त सरावासाठी" असं ठळक लेबल लावा आणि सत्र संपल्यावर मोजून कुलपात ठेवा. 2014 मध्ये अमेरिकेत सरावासाठी बनवलेलं सलाईन चुकून खऱ्या रुग्णांना लावलं गेलं होतं आणि ते आजारी पडले होते. सरावाचा ट्रे वॉर्डच्या ट्रॉलीजवळ फिरकूही देऊ नका.