मदत हवी आहे: अमोनियातून हायड्रोजन काढताना लोखंडाचा कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) हळूहळू मंद पडतोय, आधी काय तपासू?

नमस्कार मंडळी. पीएचडीचं दुसरं वर्ष आहे, काम अमोनिया तोडून हायड्रोजन काढायचं, आणि गेला दीड महिना एकाच ठिकाणी अडकलेय. कोणी कॅटॅलिसिसवाले असाल तर प्लीज वाचा, थोडं लांब झालंय.

यासाठी रुथेनियम भारी हे माहितीये पण ते परवडत नाही, आणि मला खरंच लोखंडावरच करून बघायचंय. माझं गाव अलिबागजवळ, तिथे थळच्या खत कारखान्यात अमोनिया बनतो तो लोखंडावरच, जर्मनीत ओप्पाउला १९१३ पासून हेच, मग उलट्या दिशेनेही लोखंडाने साथ द्यावी असं मनापासून वाटतं. अडचण ही की लोखंड नायट्रोजनला फार घट्ट धरतं, दोन नायट्रोजन जोडीने सुटायलाच वेळ लागतो.

केलंय काय ते सांगते. सपोर्ट, म्हणजे लोखंडाचे कण ज्यावर बसवतात तो आधार, गॅमा अल्युमिना (अल्युमिनियम ऑक्साइड), त्यावर १० टक्के लोखंड, म्हणजे ९ ग्रॅम अल्युमिनाला ७.२३ ग्रॅम फेरिक नायट्रेट (नऊ पाण्याचं), थेंबथेंब टाकून ढवळलं, ११० ला रात्रभर सुकवलं, ५०० ला चार तास मफल भट्टीत. क्वार्ट्झ ट्यूबमध्ये १०० मिलिग्रॅम भरून हायड्रोजनमध्ये ६०० ला दोन तास रिडक्शन (ऑक्साइडचं धातूत रूपांतर), मग शुद्ध अमोनिया मिनिटाला २५ मिली. ६०० अंशाला सुरुवातीला आउटलेटला जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफवर) ४० टक्के अमोनिया दिसतो म्हणजे कन्व्हर्जन (किती अमोनिया तुटला ते) ६० टक्के, वीस तासांनी अमोनिया ५६ टक्के म्हणजे ४४. तीनदा केलं, तीनदा हेच.

रन झाल्यावर एक्सआरडीला (आत कोणतं संयुग आहे ते क्ष-किरणांनी बघायला) द्यायचं म्हणून आर्गॉनमध्ये थंड करून पावडर बटर पेपरवर ओतली, काळी कुळकुळीत होती, आणि बघता बघता कडेने लाल ठिणगी सरकत गेली, कागद तपकिरी पडला, पावडर विटकरी रंगाची. एक्सआरडीत मग नुसतं ऑक्साइड. म्हणजे लोखंड नायट्राइड (लोखंड-नायट्रोजनचं संयुग) झालं होतं की कण एकमेकांना चिकटून मोठे झाले होते हे कळायचा पुरावाच जळून गेला, फार वाईट वाटलं. आता गाईड म्हणतायत सपोर्ट बदल, मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) घे. बदलू का?

प्रतिसाद १

ताई, सपोर्टला हात लावायच्या आधी गणित बघा. दोन रेणू अमोनियाचे चार रेणू होतात, गॅस फुगतो, त्यामुळे १०० मधून ४० वजा करून चालत नाही. आउटलेटचा अमोनियाचा अंश य धरा, कन्व्हर्जन म्हणजे (१ − य) भागिले (१ + य). तुमचे ६० खरे ४३ आहेत आणि ४४ खरे २८. घसरण खरीच आहे, उलट प्रमाणात पाहिलं तर तुम्हाला वाटते त्याहून जास्त.

पडताळा घ्यायचा तर आउटलेट सौम्य सल्फ्युरिक आम्लातून न्या, अमोनिया तिथेच अडकेल, पुढे बबल मीटरवर उरलेला फ्लो मोजा. ४३ टक्क्यांना मिनिटाला साधारण साडेएकवीस मिली यायला हवा. पण मध्ये एक रिकामी बाटली नक्की लावा, अमोनिया पाण्यात इतका झपाट्याने विरघळतो की आम्ल उलटं खेचलं जाऊन गरम ट्यूबपर्यंत येतं. आणि नुसत्या अल्युमिनाचा, लोखंडाशिवाय, ब्लँक रन केलाय का? स्टीलची फिटिंग्ज गरम भागात असतील तर तीही अमोनिया तोडतात.

जळण्याचं म्हणाल तर बारीक लोखंड हवेत पेटतंच. खोलीच्या तापमानाला आल्यावर १ टक्का ऑक्सिजनवाला नायट्रोजन तासभर सोडा, वर पातळ थर बसतो, मग काढा. एकदा आर्गॉनमध्ये आणि एकदा अमोनियातच भराभर थंड करून दोन्ही एक्सआरडी शेजारी ठेवा, गरम असताना आर्गॉन सोडला की नायट्राइडमधला नायट्रोजन निघून जाऊ शकतो.

माझं मत, तासन्‌तास चालणारी घसरण कण मोठे झाल्याचीच वाटते. लोखंड १५३८ अंशाला वितळतं, केल्विनमध्ये त्याचा अर्धा आकडा काढला तर सेल्सिअसमध्ये ६३२ येतो, तिथपासून आतले अणूसुद्धा हलायला लागतात, पृष्ठभागावरचे त्याच्या खूप आधी, आणि तुम्ही ६०० ला वीस तास ठेवताय. मॅग्नेशियातही लोखंड त्याच्या स्फटिकाच्या जाळीत शिरून बसतं आणि रिड्यूस व्हायला त्रास देतं, त्यामुळे नुसतं बदलून सुटेल असं नाही.

धागाकर्ती

दादा, खूप आभार, फुगण्याचं डोक्यातच आलं नव्हतं, सगळे जुने आकडे काल रात्री परत काढले. ब्लँक नुसत्या क्वार्ट्झ वूलचा केला होता, अल्युमिनाचा नाही, तो उद्या लावतेय. रिकामी बाटली पण मिळाली. एकच विचारायचं राहिलं: ५५० ला तसाच वीस तासांचा रन घेतला आणि घसरण बरीच कमी दिसली तर कण मोठे होतायत असं धरायला तेवढं पुरेल, की टीईएमसाठी (कणांचा आकार दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नंबर लावूनच ठेवू? आमच्याकडे तीन आठवड्यांची वेटिंग आहे.

प्रतिसाद १

नंबर आजच लावा. सँपल ताजं एक आणि वीस तासांनंतरचं एक, दोन्ही त्याच बॅचमधलं.