मिसिसिपी डेल्टातलं बालपणीचं गाव, सत्तर वर्षांनी: आठवणी आणि कागद यांचा मेळ कसा घालायचा?

शिकागोची_सून

सासरे १९४६ चे. जन्म मिसिसिपीतल्या बोलिव्हर काउंटीत, माउंड बायूच्या जवळपास. १९५६ च्या उन्हाळ्यात सगळं कुटुंब शिकागोला आलं, तेव्हापासून ते दक्षिणेत एकदाही गेलेले नाहीत. आता मात्र जायचंच म्हणतात. फेब्रुवारीत त्यांना घेऊन जायचा विचार आहे.

अडचण अशी, की त्यांना आठवतं ते आणि हाताशी आहे ते जुळत नाही. ते म्हणतात शाळा भर जुलैत भरायची. धाकट्या आत्या म्हणतात, काहीतरीच, जुलैत कुठे शाळा असते का! घर रुळांच्या जवळ होतं आणि चर्च खूप लांब, असं ते सांगतात, पण उपग्रहाच्या चित्रात त्या भागात सोयाबीनच्या सपाट शेताशिवाय काही दिसत नाही. त्यांच्या आजोबांची ४० एकर जमीन होती. आजोबा १९६१ साली मृत्युपत्र न करता गेले. एक चुलतभाऊ कर भरतो असं ऐकून आहोत. आणि आता एका अनोळखी खरेदीदाराचं पत्र आलंय, की तुमचा हिस्सा आम्हाला विका. आजी १९५३ साली गेली, तिची कबर चर्चमागे होती, एवढंच माहीत आहे.

शेवटचं आणि त्यांच्या दृष्टीने सगळ्यात मोठं: गाव रात्रीतून सोडलं. का, ते मुलांना कोणी कधी सांगितलं नाही. त्याचं उत्तर त्यांना हवं आहे, आणि त्याचीच भीतीही वाटते. सुरुवात कुठून करावी?

जुने_नकाशे

सुरुवात सासऱ्यांपासूनच करा, आणि त्यांना कुठलाही नकाशा किंवा फोटो दाखवण्याआधी. एकदा जुना फोटो बघितला की आठवणीतलं घर त्या फोटोसारखं होतं आणि मूळ चित्र परत मिळत नाही. दोन बैठका करा, प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या, फोनवर ध्वनिमुद्रण चालू ठेवून. कोऱ्या कागदावर घर काढायला सांगा. "चर्च किती लांब होतं?" असं विचारू नका, "चर्चला निघालात की आधी काय लागायचं, मग काय?" असं विचारा. लहान मुलाला अंतर कळत नाही, क्रम मात्र पक्का राहतो. पूल, वळण, कुत्रा असलेलं घर, पाण्याचा पंप हे कोणत्या क्रमाने लागायचं, सकाळी ऊन कुठल्या खिडकीतून यायचं, आगगाडीचा आवाज कुठल्या बाजूने यायचा, एवढं मिळालं तरी दिशा बसवता येतात.

जुलैतली शाळा खरी आहे. आत्याबाईंना सांगा. डेल्टात कृष्णवर्णीय मुलांच्या ग्रामीण शाळा दोन तुकड्यांत भरायच्या. कपाशीची शेवटची खुरपणी झाली की बोंडं फुटेपर्यंत शेतात फारसं काम नसतं, त्या जुलै-ऑगस्टमध्ये वर्ग चालायचे. मग वेचणीसाठी शाळा बंद, आणि वेचणी उरकली की पुन्हा सुरू. आत्या धाकट्या, त्यांचं बरंचसं शिक्षण शिकागोत झालं असणार, म्हणून त्यांना सप्टेंबरची शाळा स्वाभाविक वाटते. माझं मत असं, की विचित्र वाटणारी आठवण सहसा खरी निघते. चुकतात ती मापं.

आता कागद. १९५० ची जनगणना १ एप्रिल २०२२ ला खुली झाली, कारण ती ७२ वर्षं बंद ठेवतात. सासरे त्यात तीन-चार वर्षांचे सापडायला हवेत. नावाने शोधून मिळाले नाहीत तर निराश होऊ नका: ती नावांची यादी आधी यंत्राने हस्ताक्षर वाचून बनवलेली आहे आणि त्यात भरपूर चुका आहेत. गणना-विभागाचा नकाशा उघडा, माउंड बायूच्या आसपासचे विभाग काढा आणि पानं एकेक करून वाचा. आपलं कुटुंब सापडलं की वरची दहा आणि खालची दहा घरंही उतरवून घ्या. प्रगणक घरोघर जायचा, त्यामुळे ओळीतले शेजारी साधारण जमिनीवरचेही शेजारी असतात. त्यातलं एखादं आडनाव ऐकून सासरे चटकन काहीतरी सांगतील.

घरासाठी यूएसजीएस या अमेरिकी सरकारच्या भूशास्त्रीय सर्वेक्षण संस्थेच्या टोपोव्ह्यू या संकेतस्थळावर जुने नकाशे फुकट आहेत. १:६२,५०० आणि १:२४,००० अशा दोन प्रमाणांतले बघा. घर म्हणजे छोटा काळा चौकोन, चर्चच्या चौकोनावर क्रूस, दफनभूमीला 'Cem' असं लिहिलेलं. रूळही त्यावरच बघा, आजच्या रस्त्यांवरून अंदाज बांधू नका. यूएसजीएसच्याच अर्थएक्सप्लोररवर जुनी हवाई छायाचित्रंही मिळतात. उपग्रहाच्या चित्रात आज काही दिसत नाही याचं कारण साधं आहे. कपाशी वेचणारी यंत्रं आल्यावर कुळांची आणि छोट्या शेतकऱ्यांची घरं रिकामी झाली, पाडली गेली, आणि नंतर सिंचनासाठी शेतं सपाट केली गेली. चुलाण्याची वीटसुद्धा उरत नाही. मोठं पेकानचं झाड किंवा चायनाबेरी उभी असेल तर तिच्याभोवती अंगण होतं का, ते जुन्या हवाई छायाचित्राशी ताडून बघा.

दस्तऐवज

आधी ते पत्र. कशावरही सही करू नका. बाकी सगळं नंतर.

तिकडे सातबारा नाही आणि वारसाची नोंद कोणी आपोआप करत नाही. मालक मृत्युपत्राशिवाय गेला की जमीन कायद्याने वारसांकडे सामाईक जाते, पण दप्तरात नाव मृताचंच राहतं. याला तिकडे 'एअर्स प्रॉपर्टी' म्हणतात. कुटुंब शिकागोत असलं तरी जमीन मिसिसिपीत आहे, म्हणून वारसा मिसिसिपीच्या कायद्याने ठरतो.

हिशेब असा. आजी आधीच गेलेली, म्हणून आजोबांची जमीन मुलांमध्ये सारखी. समजा सहा मुलं, तर सासऱ्यांच्या वडिलांचा हिस्सा १/६. ते मृत्युपत्राशिवाय गेले आणि मागे बायको व चार मुलं असली तर मिसिसिपीत बायकोला मुलाएवढाच वाटा, म्हणजे १/६ चे पाच भाग, प्रत्येकी १/३०. पुढे आईही तशीच गेली की तिचा १/३० चार मुलांत, आणि प्रत्येकाचे होतात १/२४. पण चारही मुलं तिचीच असतील तरच. सावत्र मूल असेल तर आकडा बदलतो. ४० एकरांचा १/२४ म्हणजे सुमारे १.६७ एकर. हा वेगळा तुकडा नाही, सगळ्या ४० एकरांत अविभक्त हिस्सा आहे.

म्हणूनच ते पत्र धोक्याचं. ज्याने असा एक छोटा हिस्सा घेतला तो सहहिस्सेदार होतो, आणि सहहिस्सेदाराला न्यायालयात वाटपाचा दावा लावता येतो. जमीन तुकड्यांत वाटणं जमत नाही असं ठरलं की पूर्वी सरळ लिलाव व्हायचा आणि पडत्या भावात दाव्यावालाच ती उचलायचा. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय कुटुंबांच्या कितीतरी जमिनी अशाच गेल्या आहेत. मिसिसिपीने २०२० साली यावर नवा कायदा स्वीकारला. आता आधी जमिनीचं मूल्यांकन होतं. दावेदार विक्रीच मागत असेल तर बाकीच्या हिस्सेदारांना त्याचा वाटा त्या मूल्याने घेता येतो: सूचना मिळाल्यापासून ४५ दिवसांत कळवायचं, आणि पैसे भरायला न्यायालय त्यानंतर किमान ६० दिवस देतं. पण ४५ दिवस तेरा पत्त्यांवर विखुरलेल्या भावंडांना फार थोडे पडतात. दावा येण्याआधीच वंशावळ, पत्ते आणि मृत्यूचे दाखले तयार ठेवा.

चुलतभाऊ कर भरतो म्हणून एकटा मालक होत नाही. तरीही त्याचे आभार माना आणि कराच्या पावत्यांच्या प्रती मागा. कर थकला तर जमीन करविक्रीत जाते, आणि सोडवून घ्यायला दोन वर्षं मिळतात. करयादीत आजोबांच्या नावापुढे 'एट अल' ('आणि इतर') दिसलं तर समजा, की कार्यालयालाही अनेक हिस्सेदार असल्याचं माहीत आहे.

खरेदीखतं चान्सरी क्लर्कच्या कार्यालयात असतात. बोलिव्हर काउंटीला दोन कोर्ट आहेत, रोझडेलला एक आणि क्लीव्हलंडला एक, आणि दप्तरंही वेगळी. माउंड बायू क्लीव्हलंडच्या बाजूला, पण दोन्हीकडे विचारा. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या नावाची अशा दोन्ही सूची चाळा. जमिनीचं वर्णन सेक्शनमध्ये असेल. सेक्शन म्हणजे एक मैल बाय एक मैल, ६४० एकर. 'सेक्शन अमुकच्या नैर्ऋत्य चतुर्थांशाचा वायव्य चतुर्थांश' असं काही असेल तर मूळ इंग्रजी वर्णन शेवटाकडून वाचा: आधी नैर्ऋत्येचे १६० एकर, मग त्यातल्या वायव्य कोपऱ्यातले ४०. तोच चौकोन टोपो नकाशावर बसवला की घराची जागा बरीच जवळ येते.

भावंडांचं एकमत झालं तर हक्कसोडीची खतं करून नाव एकत्र आणता येतं, पण वकिलाशिवाय नको. मिसिसिपी सेंटर फॉर जस्टिस ही संस्था अशा जमिनींच्या प्रकरणांत मदत करते.

शिकागोची_सून

पत्र कपाटात ठेवलं, सही नाही. जुलैच्या शाळेचं वाचून दाखवलं तर सासरे बराच वेळ गप्प होते, मग आत्यांना फोन लावला. रात्रीतून गाव सोडल्याबद्दल कोणी सांगू शकेल का?

कपाशीचा_हिशेब

तिथे नेमकं काय चाललं होतं, ते आधी मांडते. माउंड बायू हे १८८७ साली आयझाया मॉन्टगोमेरी आणि साथीदारांनी वसवलेलं, कृष्णवर्णीयांनी स्वतः चालवलेलं गाव. डॉ. टी. आर. एम. हॉवर्ड तिथेच राहायचे, तिथल्या टॅबोरियन हॉस्पिटलचे पहिले मुख्य शल्यचिकित्सक. १९५१ साली त्यांनी स्थापलेल्या नागरी हक्क संघटनेच्या सभांना तिथे हजारो लोक जमायचे. जुलै १९५४ मध्ये शेजारच्या सनफ्लॉवर काउंटीत, इंडियानोलाला गोऱ्यांची सिटिझन्स कौन्सिल स्थापन झाली. मतदार म्हणून नाव नोंदवणाऱ्या किंवा नागरी हक्क संघटनांना वर्गणी देणाऱ्या कृष्णवर्णीयाचं कर्ज एकदम परत मागायचं, दुकानातली उधारी तोडायची, कामावरून काढायचं, ही तिची रीत. २८ ऑगस्ट १९५५ ला लफ्लोर काउंटीतल्या मनी या गावाहून एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला पळवून नेऊन मारलं. सप्टेंबरात समनरला खटला झाला, सगळ्या गोऱ्या ज्युरीने तासाभरात आरोपींना निर्दोष सोडलं. मुलाची आई आणि साक्षीदार यांना आधार होता तो हॉवर्ड यांच्या माउंड बायूच्या घराचा. १९५६ पर्यंत हॉवर्ड स्वतःही मिसिसिपी सोडून शिकागोला आले होते.

पण हे वाचून "म्हणूनच आपणही आलो" असा निष्कर्ष लगेच काढू नका. त्याच काळात यंत्रं येत होती, कपाशीचं काम आटत होतं, आणि अंगावर कर्ज असेल तर माणसं रात्री निघायची, कारण दिवसा निघताना सावकार अडवायचा. दोन्ही कारणं एकाच घरात असू शकतात. खरा पुरावा पुन्हा चान्सरी क्लर्ककडेच आहे: १९५४ ते १९५७ ची 'डीड ऑफ ट्रस्ट'ची पुस्तकं मागा. मिसिसिपीत जमीन तारण ठेवतात ती याच खताने. आजोबांच्या नावावर तारण आहे का, कोणाकडे, कधी फेडलं किंवा जप्तीची सूचना कधी लागली, हे तारखेसकट मिळेल. जप्तीची सूचना १९५६ च्या वसंतात असेल तर त्या रात्रीचा अर्धा उलगडा झाला. जमीन तर त्यांच्या नावावर राहिलेली दिसते, तेव्हा तारण फेडलं कोणी, हेही बघा.

मिसिसिपी स्टेट सॉव्हरिन्टी कमिशन या राज्याच्या हेरखात्याची कागदपत्रं १९९८ साली खुली झाली. राज्याच्या पुराभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर ती नावाने शोधता येतात. खातं १९५६ मध्येच सुरू झालं, त्यामुळे तुमच्या घरच्यांपेक्षा मागे राहिलेल्या नातेवाइकांची नावं मिळण्याची शक्यता जास्त. आडनावाची चार-पाच स्पेलिंगं करून बघा. आणि हे आधी तुम्ही एकट्याने वाचा. शेजाऱ्याचं किंवा नात्यातल्या कुणाचं नाव खबऱ्या म्हणून निघालं, तर ते म्हाताऱ्या माणसाने मोबाइलच्या पडद्यावर अचानक वाचू नये.

रानवाट

फेब्रुवारी उत्तम. शेतं मोकळी, गवत बसलेलं, साप आणि गोचिडी जवळजवळ नाहीत. मेम्फिसहून महामार्ग ६१ ने साधारण दोन तास. पाऊस पडून गेल्यावर मात्र शेताच्या कडेच्या मातीच्या वाटेवर गाडी घालू नका. तिथली चिकणमाती चाकं धरते आणि ट्रॅक्टरशिवाय सोडत नाही. झाडांवर जांभळे पट्टे दिसले तर दक्षिणेतल्या बऱ्याच राज्यांत त्याचा अर्थ प्रवेश बंद. शेत कसणाऱ्याला आधी फोन करा. सासऱ्यांना लहानपणी अनवाणी फिरल्याचं आठवत असेल, पण आता बूट हवेत. आगमुंग्या १९३० च्या दशकात अलाबामातल्या मोबाइल या बंदरातून शिरल्या आणि पुढे सगळ्या दक्षिणेत पसरल्या. हिवाळ्यातही वारुळावर पाय पडला तर चावतात.

दफनभूमीत दगड दिसला नाही म्हणजे कबर नाही असं नसतं. पूर्व-पश्चिम लांबीचे खड्डे बघा, माणसाच्या मापाचे. डोकं पश्चिमेला, पाय पूर्वेला ठेवायची पद्धत होती. सीडर, युक्का किंवा जमिनीवर पसरलेली व्हिन्का ही बहुधा मुद्दाम लावलेली असते, तीच खूण. शिंपले, फुटक्या बश्या, दिव्याची काच, थांबलेलं घड्याळ पडलेलं दिसलं तर कचरा समजून उचलू नका. ते गेलेल्या माणसासाठी ठेवलेलं आहे. काहीही हलवण्याआधी फोटो काढा. चर्च बंद असेल तर त्या भागातल्या जुन्या दफनसंस्थेला विचारा, त्यांच्या वहीत कबरीची जागा मृत्यूच्या दाखल्यापेक्षा नेमकी लिहिलेली असते.

दगड धुवायचा तर साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. खालून वर घासत जा, नाहीतर खाली ओघळलेल्या घाणीचे डाग राहतात. शेवाळ असेल तर डी/२ हे द्रावण. ब्लीच, तारेचा ब्रश आणि दाबाच्या पाण्याची नळी नको; ब्लीचचे क्षार दगडात शिरतात आणि काही हिवाळ्यांत पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो. घरी ओतलेला सिमेंटचा दगड असेल, आणि १९५३ ला बहुधा तसाच असतो, तर अक्षरं ओल्या सिमेंटवर खिळ्याने कोरलेली असतात, खूप उथळ. त्यावर खडू किंवा पीठ फासू नका. सकाळी किंवा उतरत्या दुपारी जा, दोन फुटांचा आरसा घ्या, एकाने तो दगडाच्या बाजूला उभा धरून ऊन तिरपं पाडायचं आणि दुसऱ्याने समोरून फोटो घ्यायचा. सावलीत न दिसणारं नाव त्यात उठून येतं. आरसा धरायला सासऱ्यांना सांगा, खाली वाकावं लागत नाही.